सेक्रेटरीला मागे बसवून मुलुंड ते बोरिवली

मुलुंडहून बोरिवलीला जायचा सर्वांत जवळचा रस्ता फक्त बिबट्याला माहीत आहे. मधे डोंगर, जंगल आणि एक-दोन तलाव. तो जेवायला या बाजूला येतो आणि उजाडायच्या आत त्या बाजूला घरी पोचतो. माणसांसाठी बोगद्याचं काम चालू आहे. ते होईपर्यंत आपण भांडुप, कांजूरमार्ग, पवई, गोरेगाव, मालाड, कांदिवली अशी प्रदक्षिणा घालायची. लोक लडाखला जाऊन ब्लॉग लिहितात. मी बोरिवलीला जाऊन लिहितोय. हिंमत कुणाची जास्त, ते वाचून झाल्यावर ठरवा.

निघायचं कारण पार्किंग. आमच्या सोसायटीत फ्लॅट पैशानं मिळतो, पार्किंगला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं. माझं पुण्य खांबाला लागून होतं आणि त्यावर माझी जुनी शंभर सीसीची मोटारसायकल उभी होती. ऑफिस माझ्या डायनिंग टेबलावर आलं तेव्हापासून, म्हणजे तीनेक वर्षं, ती तशीच उभी. मग कमिटीनं ठराव केला, की जे वाहन चालत नाही ते उभंही राहणार नाही. जागा पाहुण्यांच्या गाड्यांना मिळेल. पाहुणे म्हणजे आमचा सेक्रेटरी सामंत याचा जावई, जो दर रविवारी भलीमोठी गाडी घेऊन सासरी जेवायला येतो. हे ठरावात नव्हतं, पण बिल्डिंगला पाठ होतं.

गाडीची आबाळ झाली होती असं मात्र कुणी म्हणू नये. दर दसऱ्याला सामंत ताट घेऊन खाली उतरतो आणि सगळ्या वाहनांची पूजा करतो. झेंडूचा हार, अक्षता आणि वाटीत चांगलं घट्ट कालवलेलं कुंकू. बिल्डिंगमधली सर्वांत कमी चालवलेली आणि तरी सगळे मानपान घेतलेली गाडी माझीच.

तिला जागं करायला घेतलं तेव्हा कळलं, की आपण मेकॅनिकांच्या वसाहतीत राहतो. पहिल्या मजल्यानं बॅटरी गेल्याचं निदान केलं, तिसऱ्यानं कार्बोरेटरचं, आणि ज्याला सायकलही येत नाही त्यानं थेट इंजिन उतरवायला सांगितलं. शेवटी ढकलत गॅरेजला नेली. टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला वार्निशचा वास येत होता. (गाडी बरेच दिवस ठेवणार असाल तर टाकी आधीच रिकामी करा.) नवी बॅटरी, नवा प्लग, कार्बोरेटरची साफसफाई, टायरमध्ये हवा. दोन हजारांच्या आसपास गेले आणि गाडी सुरू झाली. मी कंपाउंडमध्ये एक फेरी मारून सामंतसमोर थांबलो.

“सुरू झाली रे,” मी म्हटलं.

“सुरू तर माझा टीव्हीपण होतो,” सामंत म्हणाला. “मी काय त्यावर बसून बोरिवलीला जातो?”

तर बोरिवली इथून आली. तिथे त्याची बहीण राहते, रविवारी मासे करते. ठरलं असं, की मी त्याला मागे बसवून न्यायचं आणि परत आणायचं. गाडीनं नेलं-आणलं तर जागा माझी. टेम्पोत घालून आणावी लागली तर जावयाची. निकाल सामंत देणार. आम्ही लहानपणापासून एकाच बिल्डिंगमधले, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. तो नाही याची खात्रीच होती.

रविवारी सकाळी निघालो. सामंत हेल्मेट घालून असा बसला, जसा नवरदेव घोड्यावर बसतो, फक्त तोंड रुसलेल्या वरमाईचं. लालबहादूर शास्त्री मार्गावर गाडी झकास पळत होती. भांडुपला दोन आचके दिले आणि बंद.

“पेट्रोल असा काय?” सामंतनं मागून विचारलं. आनंद झाला की त्याची मालवणी बाहेर येते.

“काल भरलंय.”

“दाखव.”

मी टाकीचं झाकण उघडलं. त्यानं मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहिलं, जणू सोसायटीची पाण्याची टाकी तपासतोय. पेट्रोल होतं. झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू. सामंतचा चेहरा उतरला.

कांजूरमार्गला लिंक रोडकडे वळायच्या आत पुन्हा तेच. इथे मात्र आजूबाजूच्यांनी लक्ष घातलं. रिक्षावाला म्हणाला चोक ओढ. पाववाला म्हणाला प्लगमध्ये कचरा आहे. एका आजोबांनी गाडी आडवी करून हलवायला सांगितली. त्यांनी त्यांची स्कूटर आयुष्यभर तशीच चालवली होती. मी प्लग काढला, पुसला, लावला. सुरू होईना. सामंतनं पुन्हा पेट्रोल पाहायला मागितलं, पाहिलं, आणि किक मारल्यावर गाडी सुरू झाली. श्रेय पाववाल्यानं घेतलं.

पवईला नाश्त्याला थांबलो. गाडी तिथे आपणहून बंद पडली होती, त्यामुळे हॉटेल निवडायचे कष्ट वाचले. इडली-वडा बरा, सांबार गोड, चहा मात्र पुन्हा घ्यावासा वाटला. सामंतनं बडीशेपेबरोबर चार टूथपिक खिशात टाकल्या.

“दिग्या, कशाला हट्ट करतोस?” तो म्हणाला. “टेम्पो बोलव. भाडं अर्धं मी देतो.”

“जावई देईल ना पूर्ण.”

यावर त्यानं पुन्हा टाकी उघडून पाहिली, गाडी सुरू झाली, आणि तो आरे संपेपर्यंत बोलला नाही. आरेत झाडं आहेत, हवा आहे, आणि सेक्रेटरी गप्प आहे. या प्रवासातला सर्वांत रम्य टप्पा.

हायवेला लागलो आणि दिंडोशीच्या पुलाखाली गाडीनं पुन्हा मान टाकली. बाजूच्या रस्त्याला झाडाखाली घेतली. कोर्ट जवळच आहे, पंचनाम्याला योग्य जागा. मी घामाघूम, आणि पहिल्यांदाच वाटलं की गेली जागा. सामंत टेम्पोसाठी मोबाइल काढत म्हणाला, “शेवटचं एकदा पेट्रोल दाखव.”

मी किल्ली फिरवली, झाकण उचललं. तो वाकून अगदी जवळ होता.

“ही सुस्कारा टाकते रे,” तो म्हणाला.

“काय टाकते?”

“सुस्कारा. झाकण उघडलं की. फुस्स करून.”

आता मला ऐकू आलं. प्रत्येक थांब्यावर आम्ही झाकण उघडलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यानंतरच ती सुरू झाली होती. टाकीतलं पेट्रोल खाली जाताना वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल टाकीतच अडून बसतं. मी झाकण उलटसुलट करून पाहिलं. किल्लीच्या भोकाशेजारी लालभडक, दगडासारखं काहीतरी बसलं होतं.

“टूथपिक दे,” मी म्हटलं.

एक मोडली, दुसरीनं खपली निघाली. आत अक्षतेचा एक तांदूळही होता.

सामंतनं टूथपिक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली.

“हे कुंकू आहे,” तो म्हणाला.

“घट्ट कालवलेलं,” मी म्हटलं.

त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

तिथून बोरिवलीपर्यंत गाडी अशी गेली, की मालाड आणि कांदिवली कधी मागे पडले याचं वर्णन देता येत नाही, क्षमस्व. बहिणीनं दार उघडून विचारलं, “मोटारसायकलवरून? या वयात? दोघांपैकी शहाणं कोण होतं?” जेवणात तळलेली सुरमई आणि सोलकढी. एरवी सामंत पहिल्याच तुकडीला मासा कुठल्या गावचा ते सांगतो. त्या दिवशी नुसते काटे काढत राहिला. निकाल त्याच्याच हातात होता, बंद पडण्याचे थांबे मोजून सांगितले असते तर जागा जावयाची होती. पण कशानं बंद पडली, हे कुणी ना कुणी विचारलंच असतं.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही, सिग्नल सोडून. संध्याकाळी फाटकात शिरलो तर जावयाची गाडी बाहेर उभी, कमिटीचे दोघे आत उभे.

“काय सामंत? चालली का?” एकानं विचारलं.

सामंतनं हेल्मेट काढलं. “गेली नि इली,” म्हणाला आणि जिना चढला.

काय उरलं म्हणाल, तर जागा उरली. कंबर अजून धरते. बंद गाडी काढणाऱ्यांना एकच सल्ला देतो, की इंजिन उतरवायच्या आधी झाकण उघडा आणि कान द्या.

नंतरच्या दसऱ्याला सामंत ताट घेऊन नेहमीसारखा खाली आला. सगळ्या गाड्या झाल्या, शेवटी माझ्या गाडीपाशी थांबला. कुंकवाचं बोट टाकीवर नेलं आणि हवेतच धरलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, “मेल्या, ह्येचा नाक खंय असा?”

मी दाखवलं. त्यानं कुंकू मडगार्डला लावलं.