इंजिनाचा ताप

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गाडी विलायती होती, डॅशबोर्डखाली चक्क हीटर होता. चांद्याच्या उन्हात तो कशाला, म्हणून मी, दवाखान्याचा कंपाउंडर, त्याला चिडवायचो.

एकदा मे महिन्यात नागभीडजवळून एका अडलेल्या बाईला घेऊन चांद्याला निघालो. वाटेत इंजिन उकळू लागलं. थांबलो तर तासभर वेळ मोडणार होता. त्यानं खिडक्या उघडल्या आणि हीटर सुरू केला.

"काऊन जी, मारता का आमाले?" मी ओरडलो.

"इंजनाचं गरम पाणी नळीतून इथी येते, भाऊ. पंखा त्याची गरमी आपल्या अंगावर फेकते. तेवढाच इंजनाचा ताप कमी. थोडा आपण घेऊन घेऊ."

खरंच, इंजिनाच्या तापमानाचा काटा हळूहळू उतरला. मी पाय वर घेऊन बसलो, त्याला मात्र पेडल सोडता येत नव्हतं.

चांद्याला बाईला आत नेलं. तासाभरानं बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे तो गाडीतून उतरला. पावलं लालभडक झाली होती. मी मलम काढलं.

"थांबा जी," तो म्हणाला, "पहिले गाडीले पाणी पाजू द्या."