बाबांनी ऐकलेला ठोका

कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा भट्टीच्या सांगाड्याचे लोखंडी पत्रे ठोकण्याच्या कामावर होते. गोंदियाजवळचं गाव सोडून आम्ही भिलाईला आलो त्या वेळी त्यांचे कान चांगले होते. दिवसभराच्या ठोकाठोकीने ते हळूहळू मंदावले. जाड आवाज कळायचा. आईचा आवाज मात्र मुळातच बारीक. ती भाजीचं विचारायची आणि बाबा नळाचं सांगायचे. दोघं हसायची, पण आई बोलणंच कमी करत चालली होती.

मी दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. रक्तदाब मोजण्यात माझा हात बसेना. पारा उतरताना ठोका कुठे सुरू झाला आणि कुठे विरला, ते पकडताच यायचं नाही. शेवटी केरळहून आलेल्या आमच्या सिस्टरने यंत्राची पेटी आणि स्टेथोस्कोप माझ्या हातात ठेवला. "घर में सबका देखो, सोमवार को वापस लाना," म्हणाली.

रविवारी सकाळी आईला खाटेवर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबून हवा भरली.

"हात कावून आवळून राहिली व?" आईने विचारलं.

"रक्ताची नळी घडीभर बंद करून राहिली मी. मंग हवा सोडली का रक्त धक्क्यानं निघते, त्याचा आवाज येते. पयला ठोका तो वरचा आकडा. आवाज थांबला का खालचा."

पुन्हा पुन्हा मोजलं आणि आकडा जुळायला लागला. आनंदाने मी इतकी ओरडले की शेजारणीही दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी हात पुढे केला. "मले दे. तू काय ऐकते ते पाहू."

स्टेथोस्कोपच्या नळ्या त्यांच्या कानात घातल्या. चकती आईने पदराआड छातीवर धरली. बाबा डोळे मिटून ऐकू लागले.

"दोन आवाज येऊन राहिले," ते मोठ्याने म्हणाले. "एक लांब, एक आखूड."

"हृदयातल्या झडपा बंद होतेत त्याचे," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"म्हंजे पंपाच्या व्हॉल्वसारखं." मग हळूच म्हणाले, "हिचं बोलणं समजत नाही मले, पर हे साफ ऐकू येते."

आई लाजली. काहीतरी पुटपुटत तिने चकती काढून तोंडासमोर धरली, तसे बाबा दचकले.

"आता बोलली तेबी ऐकू आलं. अजून बोल."

आईने आमच्याकडे पाहिलं, मग चकतीला तोंड लावून म्हणाली, "माझ्या भावाच्या पोरीचं लगन हाय. जायचं हाय आपल्याले. रजा काढा."

"मंग आदी कावून नाही सांगितलं?"

"आठवडाभर सांगून राहिली मी."

शेजारणी हसून हसून दाराला टेकल्या. बाबाही हसले.

सोमवारी पेटी परत गेली. पण त्या दिवसापासून आई बाबांशी जाड आवाजात, थांबून थांबून बोलायला शिकली. ते त्यांना पोचायचं. रजा मिळाली. दुर्गहून गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये ती त्या नव्या आवाजात रस्ताभर बोलत होती, आणि बाबा प्रत्येक गोष्टीला बरोबर उत्तर देत होते. डोंगरगड येईपर्यंत अख्ख्या डब्याला आमच्या घरचं सगळं माहीत झालं होतं.