रामधनकाकाचा पाय

रुपीकाकीने कधी कुठल्या पोराला 'गप बस' म्हटल्याचं मला आठवत नाही. आमच्या तांड्यात असं एकच माणूस होतं. बाकीच्यांना काही विचारलं की धपाटा नक्की मिळायचा, उत्तराची मात्र खात्री नसायची.

कळंबपासून पाच-सहा कोसांवर, टेकडीच्या पायथ्याशी आमचा तांडा. पणजोबांच्या काळापर्यंत आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडली. पुढे बैल नांगराला जुंपले आणि तांडा इथेच बसला. मी सांगते आहे तो एकोणसाठचा उन्हाळा. मी आठ वर्षांची होते, माझा भाऊ देवसिंग पाचाचा. रुपीकाकीचं घर आमच्या घराला लागून. तिची एकुलती मुलगी नेरकडे दिलेली, त्यामुळे घरात ती आणि रामधनकाका दोघंच, आणि दिवसभर आम्ही.

तांड्याबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती. तिथे जायची सक्त मनाई होती, म्हणून आम्ही रोज जायचो. मणके, जबडे, बरगड्या, जे हाती लागेल ते ओच्यात घालून रुपीकाकीकडे न्यायचो. काकी भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच हाड घ्यायची, उलटसुलट करायची आणि निवाडा द्यायची.

"हे बकरीचं नाही. वासराचं हाये. अन् म्हातारं होऊन नाही मेलं बिचारं, दात पाह्य किती कवळे हायेत."

"काकी, ढोर मेलं की पह्यले काय जाते?" देवसिंग विचारायचा.

"डोळे. कावळे नेतात."

"मंग?"

"मंग जीभ. मंग मुंग्या येतात, त्यायचं लगन असल्यावानी."

"अन् माणूस मेलं की?"

"मी मेल्यावर येजो, सांगतो."

देवसिंगने ते मनावर घेतलं. काकी कधी मरणार आहे, हे तो मधूनमधून विचारत असे.

आमच्याकडच्या सगळ्या लग्न झालेल्या बायांसारख्या काकीच्याही दंडात बलिया होत्या. कोपरापासून खांद्यापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या रुंद बांगड्या. नवरा असेतोवर त्या उतरत नाहीत. या हस्तिदंताच्या आहेत, असं सासूने लग्नात दहा जणांसमोर सांगितलं होतं. एकदा देवसिंगने म्हशीच्या नळीच्या हाडाचा तुकडा आणून काकीच्या दंडाशेजारी धरला. रंग तोच, रेघा त्याच. काकी बराच वेळ पाहत राहिली आणि मग पोट धरधरून हसली. "बुढी मेली, नाही त आज विचारलं असतं," म्हणाली.

त्या चैत्रात काकीचं आणि रामधनकाकाचं भांडण झालं. वरण करपलं होतं आणि काकाने ते बोलून दाखवलं. काकी म्हणाली, "जिथं चांगलं शिजते तिथं जा मंग." काका अर्ध्या ताटावरून उठला, पागोटं बांधलं आणि खाणीवर काम पाहतो म्हणून टेकडीच्या वाटेने वणीकडे निघून गेला. महिना गेला, दीड महिना गेला. ना निरोप, ना माणूस. काकी विचारणाऱ्याला सांगायची, "वरण खाऊन राह्यले असतील." पण भाकऱ्या ती रोज दोघांच्या थापायची आणि काकाच्या वाटच्या आम्ही खायचो.

त्याच सुमारास आम्हाला टेकडीखालच्या नाल्यात अस्वल सापडलं. मेलेलं, पुरतं सुकलेलं, केसांसकट. इतका मोठा खजिना आम्ही जन्मात पाहिला नव्हता. चार दिवस आम्ही ते लपूनछपून पाहत होतो. कातडं कुठून उसवतं, पोटात किडे कुठून शिरतात, सगळं पाहिलं. पाचव्या दिवशी एक मागचा पाय ओढताच हातात आला. त्याची नखं पिवळट, वाकडी, माझ्या बोटाएवढी. हलवली तशी ती टोपणासारखी निघाली. दोन मी घेतली, तीन देवसिंगने. पाय तिथेच टाकला. हे मात्र काकीलाही सांगितलं नाही, कारण नाल्याकडे गेल्याचं याडीला, म्हणजे आमच्या आईला, कळलं असतं तर तिने आमची सालटी काढली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, कुत्र्याने तो पाय तोंडात धरून तांड्यात आणला.

कातडं नसलेला अस्वलाचा पाय तुम्ही पाहिला नसेल. टाच, तळवा, पाच बोटं, थेट माणसाचा वाटतो. केसाळ कातडं कुत्र्याने सोलून खाल्लेलं, बोटांची टोकं चघळून बोथट केलेली. नायक डोंगरसिंग यांनी काठीने तो उलटवला, टेकडीकडे पाहिलं, आणि मग रुपीकाकीच्या घराकडे पाहिलं. एवढंच पुरलं. बाया रडायला लागल्या. कालपर्यंत ज्यांना रामधनकाकाचं नावही नको असायचं, त्या 'देवमाणूस होता' म्हणून ऊर बडवू लागल्या.

मला पाहताक्षणी कळलं होतं. आणि मी गप्प राहिले. आज साठी उलटून गेली तरी हे सांगताना लाज वाटते. एका बाजूला काकी होती, दुसऱ्या बाजूला याडीच्या हातचा मार, आणि मी माराला भ्याले.

काकीला अंगणात आणून बसवलं. समोर फडक्यावर पाय ठेवलेला. नायकण तेलाची वाटी घेऊन आली, दंडाला तेल लावलं की बलिया सटकन उतरतात म्हणून.

"हा त्यायचा पाय नाही," काकी म्हणाली.

"रुपी, मन घट्ट कर," नायकण म्हणाली.

"मन घट्टच हाये. हा त्यायचा पाय नाही."

"तुले काय माहीत?"

"वीस वर्सं झाले लग्नाले. मले माहीत नाही त कोनाले माहीत?"

नायक समजुतीने म्हणाले, "टेकडीवरूनच गेलता ना तो? दीड महिना झाला. दुसऱ्या कोनाचा असन मंग?"

"ज्याचा असन त्याची बायको येईन न्याले. माह्या बलियाले हात लावू नोका."

दोघीतिघींनी तिचे हात धरले. नायकणीने तेलात बोटं बुडवली. काकीने असा काही हिसडा दिला की वाटी उडाली आणि सगळं तेल नायकांच्या धोतरावर गेलं. तरी बाया पुन्हा सरसावल्या. तेवढ्यात माझ्या मागून मोठं भोकाड ऐकू आलं.

देवसिंग गर्दीतून वाट काढत पुढे आला. नाक वाहतंय, शेंबूड गालावर. काकीसमोर उभं राहून त्याने मूठ उघडली.

"काकी, मारू नको," तो हुंदके देत म्हणाला. "रामधनकाकाचे नखं आमीच काढले. दोन बसंतीजवळ हायेत." बसंती म्हणजे मी.

त्या बिचाऱ्याचा मोठ्या माणसांवर पूर्ण विश्वास होता. एवढा तांडा रडतो आहे म्हणजे पाय काकाचाच, आणि आपण काकाची नखं उपटली, असा हिशोब त्याने मनाशी केला होता.

नायकांनी एक नख उचललं, उन्हात धरलं, पायाच्या बोटाला लावून पाहिलं. मग ते काकीकडे पाहून हळूच म्हणाले, "रामधन नखं काढत जाय ना वं?"

"काढत जाये," काकी म्हणाली आणि हसत सुटली. मग सगळा तांडा हसला. ऊर बडवणाऱ्या बाया सगळ्यात जास्त हसल्या. हसून झाल्यावर याडीने मला शोधलं आणि व्हायचं ते झालं. त्याचं वर्णन करत नाही.

संध्याकाळी काकीने मला हाक मारली. ती चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. दोन्ही हातांनी तिने आपले दंड धरून ठेवले होते.

"खरंच अस्वलच व्हतं ना वं बसंती?"

"हो काकी. आख्खं पाह्यलं आमी. केसासकट."

"नक्की?"

"नक्की. पण तुले त माहीतच व्हतं ना, पाय काकाचा नाही म्हणून?"

काकीने मान हलवली. "मले काय बी माहीत नव्हतं पोरी. त्या पायाकडे पाहून मी लय आठवून पाह्यलं. त्यायचा आंगठा कसा, टाच कशी. काहीच आठवलं नाही. वीस वर्सं झाले, पाह्यलंच नव्हतं मी." आणि ती मोठ्याने रडली. सकाळी एवढ्या लोकांसमोर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी चूल पेटवली.

नवव्या दिवशी रामधनकाका आला. खाणीवर ताप भरला होता, तिथेच कोणाकडे पडून होता म्हणे. तांड्यात शिरल्यापासून जो तो त्याच्या पायांकडे पाहत होता. शेणात पाय पडला की काय म्हणून त्याने दोनदा वाकून पाहिलं. दारात काकी तांब्या घेऊन उभी होती. तिने त्याचे जोडे काढायला लावले, खाली बसली आणि त्याचा पाय हातात घेतला. सगळ्यांसमोर, एकेक बोट वेगळं करून, ती धुवू लागली. काका लाजून लालबुंद झाला.

"काय पाहून राह्यली?" तो म्हणाला.

"गप उभे राहा," काकी म्हणाली. तिला गप म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. टाचेवरून, भेगांवरून अंगठा फिरवत ती कितीतरी वेळ पाहत होती. मग तो पाय तिने पदराने पुसला, खाली ठेवला आणि दुसरा मागितला.