वादीत वाडी नव्हती

१९९६ च्या मे महिन्यात माझी आई, सुमन, फसली. बाबा ओमानमध्ये पंप सुपरवायझर. बूथवरच्या खरखरत्या फोनवर त्यांनी सांगितलं, "क्वार्टर वादीत आहे." आईनं ऐकलं, वाडीत. चिपळूणजवळच्या आमच्या बौद्धवाडीत ती वाढलेली. तिनं पिशवीभर कुळथाचं पीठ घेतलं, तिथल्या शेजारणींना वाटायला. आम्हा दोघींची एसटी सुटताना मावशी म्हणाली, "रडतेस कशाला गो? तिथं पण वाडीच हाय."

वादी म्हणजे अरबीत नदीचं खोरं, बहुतेक वेळा कोरडंच. इब्रा गावाच्या बाहेर कंपनीचे पंप, पंपांना लागून आमचं क्वार्टर, आणि पुढे नुसते दगड. पिठाला जाळी धरली तरी आईनं ते टाकलं नाही.

इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरायचा. गाडी होती, पण स्टाफच्या बायकांना बसवायचं नाही, हा कंपनीचा नियम. बाबा विचारायचे. अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या बुधवारी." आई दर बुधवारी साडी बदलून बसायची.

"एसी आहे, टीव्ही आहे, अजून काय पाहिजे?" बाबा म्हणायचे.

"हाक मारायला माणूस."

नवऱ्याला नोकरीवर घ्यायचं आणि बायकोला सामानात धरायचं, हा सरळ अन्याय आहे. आणि आपली माणसं त्याला नशीब म्हणून पेढे वाटतात.

२००७ मध्ये मी शिकायला नॉर्वेत आले, नदीच्या खोऱ्यातल्या एका छोट्या गावात. नदी बारमाही खळाळते. घरं मात्र एकमेकांपासून लांब, मध्ये बर्फ. शेजारी सभ्य आहेत. मान हलवतात, दार लावतात. आई अजून त्याच क्वार्टरमध्ये. इथं खोऱ्याला दाल म्हणतात, हे सांगितल्यावर ती फोनवर हसली. "मी वाडीत फसले, तू डाळीत पडलीस." मग हळूच म्हणाली, "आज कुणाशी बोललीस गं?"

"तुझ्याशीच. तू?"

"तुझ्याशीच."

चिपळूणच्या वाडीत आता मला कुणी ओळखत नाही. वादी कधी आमची नव्हतीच. घर म्हणून माझ्याकडे आईचा एवढा एक प्रश्न उरलाय.

तुमची मुलगी, बहीण, भावजय कुणी तिकडे परदेशात असेल, तर पगार, एसी, फोटो राहू द्या. आत्ता फोन लावा. विचारा, आज कुणाशी बोललीस. "तुमच्याशीच" असं उत्तर आलं, तर फोन ठेवू नका.