बिनचहाचे सर

आमच्या गणिताच्या सरांना चहा पाजणं सोपं नव्हतं. चाचणीचे पेपर तपासून झाले की ते संध्याकाळी गावात निघत. विद्यार्थ्याच्या ओट्यावर टेकत, पाणी पीत, कपाशीचं विचारत. पण आतून कपबशीचा आवाज आला की हात वर करत. "चहा नको, वहिनी. मार्क वाढले का घेतो." पहिल्या-दुसऱ्या नंबराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मागच्या वेळेपेक्षा मुलाचे मार्क वाढले की त्या घरी चहा, मग ते अगदी काठावर का असेनात. पिंपळगाव राजाच्या पलीकडे आमचं लहानसं गाव. पाहुणा तसाच उठून गेला तर तिथली बाई दिवसभर चुटपुटते. अशा गावात या माणसाने हे आरंभलं होतं. पोरं मागून त्यांना 'बिनचहाचे सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

आयांनी तर ही गोष्ट फारच मनावर घेतली. "बस बे पुस्तक घेऊन! शेजारी चाय झाला, आपल्या दारातून सर तसेच गेले," असं दिवेलागणीला घराघरांतून ऐकू येई. आमची शाळा दहावीपर्यंतच, पोरं मोजकी. मधल्या सुट्टीत कोणी छाती काढून सांगे, "काल आमच्या घरी झाला!" लगेच दुसरा विचारी, "पुरा कप का अर्धाच, बे?"

माझी अडचण वेगळी होती. मला गणितात पैकीच्या पैकी पडत, त्यामुळे वाढायला जागाच नव्हती आणि आमच्या घरी चहा कधीच होत नव्हता. आई कुरकुरायला लागली तेव्हा मी धीर करून सरांना विचारलं. ते म्हणाले, "तुझे नाही वाढत, तं संगीताचे वाढव. तिच्या घरी घेतला का तुमच्या घरी घेतो. अन् त्या पुस्तकातून जराशी बाहेर येत जा, इकडे बी मानसं राह्यतात."

संगीता आमच्या शेजारची, माझ्याच वर्गातली. दहावीच्या पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली. तिचे वडील विश्वनाथभाऊ कमी बोलणारे आणि एकदा बोलले की न बदलणारे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "सहामाहीत नापास झाली का शाळा बंद. वावरात काम हायेच."

चाचणीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी सर त्यांच्याकडे आले. आमच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. संगीताच्या आईने, काकूंनी, चहा आणला; सरांनी हात वर केला. भाऊ कधी पोरांच्या अभ्यासात पडलेले नव्हते. त्यांना या रिवाजाची काही खबर नव्हती. ते ताडकन उठले.

"काऊन सर? आमच्या घरचं चालत नाही काय तुमाले?"

"तसं नाही, भाऊ..."

"तसंच हाय! उद्यापासून पोरगी शाळेत येत नाही."

संगीता दारात उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. सर मात्र जागचे हलले नाहीत. उलट त्यांनी चपला काढल्या, मांडी घातली आणि म्हणाले, "भाऊ, चहा पोरीच्या मार्कायचा. भाकर तुमच्या घरची. वाढा भाकर."

काकूंनी भाकर, ठेचा आणि वाटीभर बेसनाचं पिठलं आणलं. सर जेवले, वर आणखी चतकोर मागून घेतली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते शर्टाच्या बाहीने पुसलं. आपल्या ताटात जेवलेल्या माणसावर चिडून राहणं भाऊंना जमलं नाही. हात धुताना सर हळूच म्हणाले, "सहामाहीपर्यंत येऊ द्या तिले." भाऊ म्हणाले, "येऊ देतो मंग."

त्यानंतर रोज आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. ती समीकरणांवर चिडायची, "हा क्ष कोन हाय वं? याले धुंडाले मीच सापडली काय?" मी हसायचे. पुस्तकाबाहेर असं काही असतं, हे मला तेव्हा कळायला लागलं.

सहामाहीत संगीता पास झाली, जेमतेम. सर आले तर चहा भाऊंनीच बाहेर आणला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरांनी पहिला घोट घेतला तेव्हा भाऊ दुसरीकडे पाहत म्हणाले, "खामगावच्या कॉलेजले जायाची एसटी सकाळची कवा हाय हो, सर?" सरांनी सावकाश कप खाली ठेवला आणि वेळ सांगितली. मग ते उठून आमच्या घरी आले. आईने साखर दुप्पट घातली होती.

यंदा हिवाळ्यात सर गेले. मी सांत्वनाला गेले तेव्हा लोणारच्या दवाखान्यात नर्स असलेली संगीता आधीच येऊन बसली होती, आणि शेजारी थकलेले विश्वनाथभाऊ. सरांची नात पाणी घेऊन आली. भाऊंनी पेला घेतला आणि तिला विचारलं, "कितवीत हाय वं, बाई?"

"आठवीत."

"गणित जमते का?"

पोरीने मान खाली घातली.

"असू दे," भाऊ म्हणाले, "मले त्यातलं काई समजत नाही. पन मार्क इचाराले मी येत जाईन."