दोन डाव्या बाह्या

माझे सासरे गेले त्याला आज अठरा दिवस झाले, पण खरं सांगते, मला अजून पटलेलंच नाही. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की माझी नजर आधी कटिंगच्या टेबलाकडे जाते, आणि मग मी स्वतःवरच चिडते. एवढा बोलका माणूस, असा एका दुपारीत गप्प? काही रीत आहे की नाही जायची?

घरी ते बाबा, दुकानात मास्तर. कटिंग त्यांचं, शिलाई माझी आणि भांडण दोघांचं. त्रेपन्न वर्षं कात्री चालवली त्यांनी, त्यातली शेवटची सोळा माझ्यासमोर. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. पहिला शर्ट शिवला तो त्यांनी उजेडात धरून उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "छान झालाय. आता फक्त या मापाचा माणूस शोधायचा." मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तोच शर्ट घालून स्वारी दुकानात हजर! एक खांदा वर, एक खाली. "सापडला बघ माणूस," म्हणाले.

गिऱ्हाइकांनाही सोडायचे नाहीत. पोट आत ओढून माप देणारे असतातच. मास्तर टेप तसाच धरून शांतपणे उभे राहायचे. "सावकाश, साहेब. मला घाई नाही. श्वास तुमचा कोंडलाय." शेवटी तो माणूस हसायचा, पोट बाहेर यायचं आणि मास्तर खरं माप लिहून घ्यायचे.

माझ्या वाट्याला तर रोज काहीतरी असायचंच. कधी माझ्या ॲप्रनचा खिसा शिवून बंद, कधी शिलाईच्या गठ्ठ्यात तीन पायांची विजार. मी ओरडले की म्हणायचे, "अगं, एक पाय धुवायला टाकता येतो." पण ही सगळी थट्टा चिंध्यांवर. गिऱ्हाइकाच्या कापडाला त्यांनी चेष्टेत कधी खडूसुद्धा लावला नाही. हे मला चांगलं माहीत होतं. तरी त्या मंगळवारी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

एका ग्रंथपालाचा कोट होता. जाड लोकरी कापड, मोठ्या चौकड्यांचं. चौकड्या जुळवायच्या असल्या की दोन्ही बाह्या एकदम कापत नाहीत. एक कापायची, ती कापडावर पालथी ठेवायची, रेघेला रेघ लावायची आणि मग दुसरी कापायची. पालथी ठेवायला विसरलं तर दोन्ही एकाच हाताच्या होतात. ही चूक नवशिके करतात. मी शिकताना दोनदा केली आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

साडेदहाच्या सुमारास मी बाह्या उचलल्या, तर दोन्ही डाव्या.

"काय हो मास्तर, या माणसाला दोन डावे हात आहेत का?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिले. मग तोंडाच्या एका बाजूने हसले आणि म्हणाले, "डाव... डावखुरा आहे."

मी एवढी हसले की मशीनवरून पाय निघाला. बोलणं बोबडं आलं होतं, पण ते नेहमीचंच. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय त्यांना. "आधी त्या टाचण्या काढा तोंडातून," मी दटावलं, "एक दिवस गिळाल!" बाह्या बाजूला ठेवल्या आणि दुसरं काम घेतलं. म्हटलं, खरी बाही लपवली असेल कुठेतरी, देतील मागाहून. दोन तास मी मशीन चालवत होते. दोन तास! आणि ते माझ्यापासून पाच हातांच्या अंतरावर उभे होते.

पाऊण वाजता कात्री खाली पडली. बघते तर मास्तर टेबलावर ओणवे, गाल कापडावर टेकलेला. मी धावले, आरडाओरडा केला, समोरचा चष्मेवाला आला. त्यांना खाली निजवलं आणि टाचण्या घशात जातील म्हणून मी आधी त्यांच्या तोंडात बोट घातलं. एकही टाचणी नव्हती. सगळ्या मनगटावरच्या छोट्या गादीत टोचलेल्या होत्या, अगदी ओळीने.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही जाणवलं होतं? जीभ जड, तोंड वाकडं, कामात काही चूक?" शेजारी माझा नवरा उभा होता, कामावरून तसाच पळत आलेला. मी म्हटलं, "नाही." एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात. तेव्हा मात्र तो एकच शब्द निघाला आणि तोही खोटा. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "लवकर कळलं असतं, तर काहीतरी करता आलं असतं." संध्याकाळी पाचला बाबा गेले.

बाह्या मी मशीनच्या खणात कोंबल्या. नवरा येताजाता म्हणतो, "तू जवळ होतीस तेवढं तरी बरं." मी मान खाली घालते. माणूस माझ्या डोळ्यांदेखत जात होता आणि मी खिदळत होते, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आज सासूबाई पहिल्यांदाच दुकानात आल्या. बाबांच्या स्टुलावर बसल्या, टेबलावरून हात फिरवला. मला राहवलं नाही. खण उघडला आणि बाह्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. पन्नास वर्षं या दुकानाची काजं त्यांनी केलीत. बघताक्षणी त्यांना कळलं. मी सगळं सांगून टाकलं. साडेदहा वाजलेले, ते हसणं, नसलेल्या टाचण्या, डॉक्टरांपुढे मारलेली थाप. म्हटलं, आता दोन मुस्काटात दिल्या तरी चालेल.

त्यांनी एका बाहीवर दुसरी ठेवली आणि रेघेला रेघ लावली.

"साडेदहा म्हणतेस?"

"हो."

"मला सातलाच कळायला हवं होतं." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "पलंगावर बसले होते, शर्टाची बटणं हातात येईनात. मला म्हणाले, आई, लाव ना गं. मला वाटलं, लाडात आलेत. मीही म्हटलं, ये रे बाळा. सगळी बटणं लावली, गालगुच्चा घेतला आणि दुकानात पाठवून दिलं."