बिनखिशाची जाकिटं

गल्लीत तिला सगळे टेपवहिनी म्हणत, कारण माप घ्यायची टेप ती जेवतानासुद्धा गळ्यातून काढत नसे. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे गणवेश शिवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिनं कधी कापडाला कात्री लावली नाही. लग्नानंतर नवऱ्यानं पत्त्यांच्या नादात तिचं पहिलं मशीन घालवलं, तेव्हा तिनं देवालाच दोष दिला होता. पुढे तो नाद सुटला, तेव्हा माफीही मागितली. अकरा वर्षं झाली, त्यानं पत्त्याला हात लावला नव्हता. तिच्याच शेजारी बसून काजं-बटणं करायचा. तरी तो दोरा आणायला गेला की तिचा एक डोळा घड्याळाकडे असे.

त्या वर्षी शहरात एकच विषय होता. शर्यतीच्या मैदानाजवळच्या जुगारघरात तोवर फक्त बटणं दाबायची यंत्रं होती. आता तिथं पत्त्यांची, फाशांची, चक्राची टेबलं मांडायला कायद्यानं परवानगी द्यायची का, यावर पुढच्या महिन्यात नगरसभेत मतं पडायची होती. वर्तमानपत्रं म्हणत, परवानगी मिळणं कठीणच. टेपवहिनीला तेवढाच दिलासा.

अशात एक चकचकीत बुटांचा गृहस्थ दुकानात आला. वीस काळी जाकिटं हवी होती. मापांचा कागद त्यानंच आणलेला. नावं नाहीत, नुसते एक ते वीस आकडे.

"कुठल्या हॉटेलची म्हणायची?" तिनं विचारलं.

"नवीन आहे."

"कुठं आहे?"

"होणार आहे. वहिनी, तुम्ही शिवा ना, बाकीचं मी बघतो."

मोठमोठी दुकानं टाकून हा आपल्या बोळात कसा शिरला, हे तिला काही कळेना. पण काम होतं, तिनं घेतलं.

कागदावर खिशांचा उल्लेखच नव्हता. लिहिणारा विसरला असणार. वेटर काय पेन कानावर ठेवील? तिनं नमुन्याच्या जाकिटाला आतून छानसा खिसा लावून टाकला. वर कौतुक होईल असंही वाटलं. चार दिवसांनी गृहस्थानं येऊन अस्तरात बोटं घातली आणि तो ताडकन उडालाच.

"हे कुणी सांगितलं होतं? खिसा नकोच! एकसुद्धा नको!"

"अहो, खिसाय तो, विंचू नाही."

"उसवा म्हणतो ना," म्हणाला आणि गेला.

"वेटरला खिसा नको! काय एकेक माणसं," ती उसवता उसवता पुटपुटली.

"वाटणाऱ्याला खिसा ठेवत नाहीत," नवरा काज करता करता बोलून गेला. "टेबलावरचं काही लपवता येऊ नये म्हणून."

तिचा उसवता हात थांबला. "पत्ते वाटणाऱ्याला? तुम्हाला काय माहीत? तुमच्या त्या गॅरेजमागच्या अड्ड्यावर तर प्रत्येकाच्या कोटाला चार-चार खिसे असायचे."

"ऐकलंय कुठंतरी."

"कुठं?"

"अगं, लोक बोलतात!"

मतं पडायला तीन आठवडे होते आणि वाटणाऱ्यांची मापंसुद्धा घेऊन झाली होती! म्हणजे वर्तमानपत्रातलं ते 'कठीण' आपल्यासारख्यांना गप्प बसवायलाच. मनात धुसफुसत ती पुढची जाकिटं कापायला बसली. तेरा झाली, चौदावं आलं. छाती अडतीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. पाठीला जरा पोक, म्हणून मागची लांबी पाऊण इंच जादा. खडू हातातच राहिला. पुढचे आकडे तिला कागद न बघताच तोंडपाठ होते.

"चौदा नंबर कोण?"

नवऱ्यानं सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

"अहो, तुमच्याशी बोलतेय."

"जुगारघरात पत्ते वाटायला शिकवतात," तो शेवटी म्हणाला. "दुपारचं. दोरा आणायला जातो तेव्हा. हे काम पण मीच मिळवून दिलं तुला."

"आणि मला कळणार नाही वाटलं?"

"वीस जणांत काय कळणार, म्हटलं."

"बावीस वर्षं शर्ट शिवतेय तुमचे!"

"अगं, वाटणाऱ्याला खेळायची बंदी असते. नोकरीची अटच आहे तशी. उलट तिथं मला काही भीतीच नाही."

"दिवसभर हातात पत्ते धरायचे आणि खेळायचं नाही?"

"हो."

"हात बघू."

त्यानं हात पुढे केले. काजं करताना आळसावणारी ती बोटं कधी नव्हे इतकी तरतरीत दिसत होती. तेच तिला आवडलं नाही.

ठरल्या दिवशी गृहस्थ आला. त्यानं गठ्ठा चाळला. "एकोणीसच?"

"चौदा नंबरचं होणार नाही."

"कापड कमी पडलं?"

"कापड आहे तसं घडी घालून ठेवलंय. घेऊन जा."

"अहो, पण त्या माणसाचं काय?"

"त्यालाच विचारा. हा काय बसलाय."

नवऱ्यानं कापडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "खोडा तो नंबर," तो म्हणाला.

गृहस्थानं मापांचा कागद काढला, पण खोडलं काहीच नाही. "मतं पडेपर्यंत राहू दे," तो नवऱ्याला म्हणाला.

"आमच्या घरातली पडली," टेपवहिनी म्हणाली आणि कापडाची घडी तिनं त्याच्या हातात कोंबली.

तो बोळातून वळून दिसेनासा होईपर्यंत नवरा दाराकडे बघत राहिला. आणि ती नवऱ्याकडे.